वाचता येते, पण वाचायला शिकवता येते का?

ओहायो राज्याने २०२३ साली एक कायदा केला. प्रथम ऐकताना तो जरा गंमतीचाच वाटतो. जे शिक्षक वर्षानुवर्षे मुलांना वाचायला शिकवीत आले, त्यांनीच आता वाचायला कसे शिकवावे याचा अभ्यासक्रम पुरा करायचा, आणि तो पुरा केल्याबद्दल सरकारने उलट त्यांनाच पैसे द्यायचे! बालवर्गापासून पाचवीपर्यंतच्या शिक्षकाला बाराशे डॉलर, वरच्या वर्गांत इतर विषय शिकविणाऱ्याला चारशे. अभ्यासक्रम संगणकावर, घरबसल्या, ज्याने त्याने आपल्या सवडीने करायचा. मुदत २०२५ च्या जूनअखेरपर्यंत होती.

ओहायो यात एकटे नाही. टेक्ससने २०१९ च्या कायद्याने बालवर्ग ते तिसरीच्या शिक्षकांना, आणि त्यांच्या मुख्याध्यापकांनाही, असे प्रशिक्षण सक्तीचे केले. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये तेच केले. न्यूयॉर्क राज्याने २०२४ मध्ये वीस हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी एक कोटी डॉलर बाजूला काढले. न्यू जर्सीत त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तत्कालीन गव्हर्नर मर्फी यांनी वाचनविषयक कायद्यांवर सह्या केल्या. तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाची वाचनचाचणी वर्षातून निदान दोनदा घ्यावी आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाची सोय करावी, असे त्यांत आहे. ओक ट्री रोडवर या कायद्यांची चर्चा झाल्याचे मात्र आमच्या कानावर नाही. व्हिसाची झाली, घरांच्या भावांची झाली, हापूस आंब्याच्या पेटीची तर दर वर्षी होतेच.

वाचकहो, ही उदासीनता समजण्यासारखी आहे. आपण मंडळी घर घेताना स्वयंपाकघराच्या आधी शाळेचे गुण पाहतो. दहापैकी नऊ गुणांची शाळा मिळाली की हप्ता थोडा जड गेला तरी चालतो, आणि मग शिक्षणाच्या बाबतीत आपले कर्तव्य संपले असे आपण धरून चालतो. परंतु त्या नऊ गुणांत शाळेचा वाटा किती, आणि संध्याकाळी मुलांना शिकवणीला नेणाऱ्या आयांचा वाटा किती, याचा हिशेब कोणी मांडत नाही. ज्या घरात पुस्तके आहेत, वेळ आहे व पैसा आहे, त्या घरातले मूल शाळेने नीट शिकविले नाही तरी बहुधा तरून जाते. ते तरले म्हणून शाळेने शिकविले, असे मात्र होत नाही.

हे प्रकरण नीट समजायचे तर थोडे मागे जावे लागेल, कारण भांडण जुने आहे. १९५५ साली रुडॉल्फ फ्लेश या मूळच्या व्हिएन्नाच्या गृहस्थांनी 'व्हाय जॉनी कान्ट रीड' हे पुस्तक लिहून अमेरिकेतील पालकांना खडबडून जागे केले. शाळा मुलांना अक्षरांचे उच्चार शिकवीत नाहीत, अख्खे शब्द चित्रासारखे पाठ करायला लावतात, ही त्यांची तक्रार. १९६७ साली हार्वर्डच्या जीन चॉल यांनी तोवरचे संशोधन तपासून निर्वाळा दिला की आरंभी अक्षर आणि उच्चार यांची सांगड पद्धतशीरपणे शिकविलेलीच बरी. गंमत अशी, की त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी नेमके उलटे मत मांडले. त्यांच्या मते वाचन हा एक प्रकारचा अंदाजाचा खेळ होता. चांगला वाचक प्रत्येक अक्षर पाहत बसत नाही, तो संदर्भावरून पुढचा शब्द ताडतो. पुस्तकात 'हॉर्स' लिहिले असताना मुलाने चित्र पाहून 'पोनी' म्हटले तर ते फारसे चुकले नाही, कारण अर्थ त्याला कळला!

आपल्या आजीने हे ऐकले असते तर डोक्याला हात लावला असता. परंतु शिक्षणशास्त्राच्या महाविद्यालयांना हा विचार फार भावला. तो दिसायला मुलाच्या बाजूचा होता, घोकंपट्टीच्या विरुद्ध होता, गोष्टीच्या पुस्तकांवर त्याचे प्रेम होते. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या शिक्षक असेच शिकून बाहेर पडले: मूल शब्दाला अडले तर त्याला चित्र बघ म्हणावे, पहिले अक्षर बघ म्हणावे, काय बसेल ते सांग म्हणावे. वाचनाच्या संशोधनाने मात्र उलट दाखविले. अंदाज बांधतो तो कच्चा वाचक. पक्का वाचक शब्दातली जवळजवळ सगळी अक्षरे पाहतो, फक्त इतक्या वेगाने, की त्याला स्वतःलाही ते कळत नाही. बोलणे मूल आईच्या कडेवर बसून शिकते. वाचणे हे माणसाने अलीकडे काढलेले कसब आहे आणि बहुतेक मुलांना ते कोणीतरी उलगडून दाखवावे लागते. २००० साली, अमेरिकन काँग्रेसच्या सूचनेवरून नेमलेल्या राष्ट्रीय वाचन समितीने आपला अहवाल दिला व पाच गोष्टींवर बोट ठेवले: शब्दांतले सुटे ध्वनी ऐकू येणे, ध्वनी व अक्षर यांची सांगड, ओघवते वाचन, शब्दसंग्रह आणि आकलन. अहवाल आला, छापला गेला, आणि असंख्य वर्गांत काहीही बदलले नाही. २०२२ मध्ये एमिली हॅनफर्ड या पत्रकार बाईंनी 'सोल्ड अ स्टोरी' ही ध्वनिमालिका काढली. अंदाजाची पद्धत पुस्तकरूपाने शाळांना कशी विकली गेली, हे त्यांनी त्यात सांगितल्यावर पालक खवळले. पुढल्याच वर्षी कोलंबियाच्या टीचर्स कॉलेजने ल्यूसी कॅल्किन्स यांचा गाजलेला वाचन-लेखन प्रकल्प बंद करण्याचे जाहीर केले.

यात शिक्षकांना दोष देणे आम्हाला अन्यायाचे वाटते. जे त्यांना कोणी शिकविलेच नाही, ते त्यांनी वर्गात कुठून आणावे? म्हणूनच हा घरबसल्या अभ्यासक्रम. शिक्षक रात्री जेवणे आटोपल्यावर, किंवा रविवारी सकाळी, आपल्या टेबलाशी बसून ध्वनी म्हणजे काय, 'शिप' या शब्दात अक्षरे चार पण ध्वनी तीन कसे, अडखळणाऱ्या मुलाची चूक कोणत्या जातीची आहे हे कसे ओळखावे, हे शिकतो. एखादा वर्ग चित्रफितीत पाहतो, प्रश्न सोडवितो, पुढे जातो. लुइझा मोट्स व कॅरल टोलमन यांचा 'लेटर्स' या नावाने ओळखला जाणारा अभ्यासक्रम यांत सर्वांत प्रसिद्ध. तो चांगला दोन वर्षे चालतो, शंभराहून अधिक तास घेतो, आणि त्यात संगणकावरच्या धड्यांबरोबर समोरासमोरच्या बैठकाही असतात.

या साऱ्याचा उपयोग होतो काय? येथे मिसिसिपीचे नाव घ्यावेच लागते. मिसिसिपी म्हटले की आपल्या मंडळींच्या नाकाला मुरड पडते. गरीब, मागासलेले राज्य. २०१३ मध्ये चौथीच्या राष्ट्रीय वाचनचाचणीत त्याची सरासरी २०९ होती, देशाची २२१; राज्यांच्या यादीत ते जवळजवळ तळाशी, एकोणपन्नासावे. त्याच वर्षी तेथे वाचनाचा कायदा झाला आणि पुढील वर्षांत हजारो शिक्षकांना 'लेटर्स'चे प्रशिक्षण मिळाले. २०१९ मध्ये मिसिसिपीची सरासरी २१९ झाली आणि ती देशाच्या सरासरीइतकीच होती. २०२४ मध्ये देश २१४ वर घसरला, मिसिसिपी २१९ वर टिकून राहिले आणि यादीत नववे आले. जेथे आपण मुलाला शिकायला पाठविण्याचा विचारही करणार नाही, ते राज्य चौथीच्या वाचनात बहुतेकांच्या पुढे गेले आहे.

पण एवढ्यावरून संगणकावरचा धडा हे रामबाण औषध आहे असे कोणी समजू नये. २००८ साली शिक्षण खात्याच्या संशोधन संस्थेने एक मोठा प्रयोग प्रसिद्ध केला होता. सहा जिल्ह्यांतील नव्वद शाळा, दुसरीचे २७० शिक्षक. त्यांतील काहींना 'लेटर्स'च्या धर्तीवर प्रशिक्षण दिले, काहींना त्याशिवाय शाळेत मार्गदर्शकही दिला. शिक्षकांचे ज्ञान वाढले, शिकविण्यातही थोडा फरक दिसला, परंतु मुलांच्या गुणांत खात्रीने सांगता येईल असा फरक पडला नाही. मार्गदर्शक दिलेल्या गटातही नाही. हा निष्कर्ष प्रशिक्षण विकणाऱ्या कंपन्या आपल्या जाहिरातीत छापत नाहीत हे ओघाने आलेच. मग मिसिसिपीत काय वेगळे झाले? तेथे प्रशिक्षणाबरोबर बाकीचीही गाडी हलली. मुलांची वर्षातून तीनदा चाचणी, कमकुवत शाळांत राज्याने नेमलेले वाचन-मार्गदर्शक वर्षानुवर्षे ठाण मांडून, आणि तिसरीअखेर वाचता येत नसेल तर मुलाला वर न चढविण्याचा कडक नियम. हा शेवटचा नियम आम्हाला पटत नाही. आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या माथी नापासाचा शिक्का मारण्यापूर्वी मोठ्यांनी आपल्या पासनापासाचा विचार करावा. तरी एकूण प्रयत्न सर्व बाजूंनी झाला, हे मान्य केले पाहिजे.

आणि सवडीने करावयाच्या अभ्यासक्रमाचा एक स्वभावदोष आपल्यापैकी नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. दर वर्षी कचेरीतून फर्मान येते: संगणकाच्या सुरक्षिततेचे अमुक धडे, वर्तणुकीचे तमुक धडे, महिनाअखेरीपर्यंत पुरे करा. आपण काय करतो? एका खिडकीत चित्रफीत बोलत राहते, दुसरीत आपण पत्रे उत्तरतो. शेवटी पाच प्रश्न येतात, दोन चुकतात, पुन्हा करतो, प्रमाणपत्र छापून मोकळे! शिक्षकही माणूसच आहे. त्यातून नॉर्थ कॅरोलायनाच्या शिक्षकांनी तक्रार केली होती की दिवसभर वर्ग घेऊन रात्री हे धडे करायचे, तेही पुष्कळदा स्वतःच्या वेळात. ही तक्रार आम्हाला रास्त वाटते. सवड हा शब्द फसवा आहे. ज्याला सवड नाही त्याला 'आपल्या सवडीने करा' म्हणणे म्हणजे उपाशी माणसाला 'आपल्या आवडीने जेवा' म्हणण्यासारखे. ओहायोने पैसे दिले ते यासाठी योग्यच होते. भारतातही २०२१ पासून 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठावर पायाभूत वाचन-गणिताचे बारा अभ्यासक्रम प्राथमिक शिक्षकांसाठी ठेवले गेले. लाखोंनी ते केले. प्रमाणपत्रे मोजणे सोपे असते, म्हणून ती मोजली जातात.

एवढे सगळे असूनही आमचे मत या प्रशिक्षणाच्या बाजूने आहे, आणि ते का, हे एका उदाहरणाने सांगतो. आमच्या माहितीतले एक मराठी कुटुंब आहे. दोघेही शिकलेले, घरात मराठी, आजी वर्षातले सहा महिने येथे. मुलगा चुणचुणीत, बोलका. पहिलीत तो गोष्टीची पुस्तके घडाघडा म्हणून दाखवी, आईबाप खूष. दुसरीत चित्रे कमी झाली आणि गाडी अडली. तो पुस्तके वाचत नव्हता, ती त्याला पाठ होती. उरलेले तो चित्रांवरून रचीत होता. शाळेने आधी सांगितले, काळजी नको, काही मुले उशिरा फुलतात. मग सहा महिन्यांनी सल्ला मिळाला, घरात दोन भाषा असल्याने मुलाचा गोंधळ होतो आहे, घरी फक्त इंग्रजी बोला. आईबापांनी तसे केले. आजीलाही सांगितले. आजी तोडक्यामोडक्या इंग्रजीत नातवाला जेवायला बोलावू लागली, आणि मग हळूहळू फारसे बोलेनाशीच झाली. चौथीत कोणा जाणत्या बाईंनी मुलाला तपासले तेव्हा निघाला डिस्लेक्सिया. त्याच्या कानाला शब्दांतले ध्वनी सुटे करता येत नव्हते. दोन भाषांचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता. दोन भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही, हे या विषयाच्या कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात शिकविले जाते. दोन वर्षे मुलगा स्वतःला मठ्ठ समजत राहिला, आणि घरातली मराठी गेली ती गेलीच.

त्या शाळेतल्या बाई दुष्ट नव्हत्या. त्यांना माहीत नव्हते. आणि आपल्या समाजातही हा विषय दारामागेच बोलला जातो. मधुमेह सांगतो, रक्तदाब सांगतो, मुलाला वाचता येत नाही हे सांगत नाही. 'तारे जमीन पर' हा चित्रपट २००७ साली आला तेव्हा सर्वांनी डोळे पुसले, पण घरातल्या ईशानला 'आळशी आहे, लक्ष देत नाही' असेच म्हटले. अशा घरांना निदान वर्गातला शिक्षक तरी जाणता हवा.

आता आपल्या अंगणाकडे वळू. शनिवारी-रविवारी अमेरिकेत जागोजाग मराठी शाळा भरतात. देवळाच्या तळघरात, ग्रंथालयाच्या खोलीत, कुठे भाड्याने घेतलेल्या शाळेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाचा अभ्यासक्रम आल्यापासून बऱ्याच ठिकाणी इयत्ता, पुस्तके व परीक्षा यांना शिस्त आली आहे. शिकविणारे सारे हौशी: कोणी संगणक अभियंता, कोणी औषधशास्त्रज्ञ, कोणी गृहिणी. पदरचा पेट्रोलखर्च करून, आठवड्याची सुटी मोडून ही माणसे शिकवितात. त्यांच्याविषयी आम्हाला आदरच आहे. परंतु तीन-चार वर्षे शाळेत येऊन मुलाला 'ज्ञ'पर्यंत सगळे म्हणता येते आणि आजीच्या पत्राची एक ओळ वाचता येत नाही, असे चित्र अनेक ठिकाणी दिसते. स्नेहसंमेलनात मुले नाटकाचे संवाद धडाधड म्हणतात. हातातला कागद पाहावा तर मराठी संवाद रोमन लिपीत लिहिलेले! हे कोणा एकाचे अपयश नाही. ज्याला मराठी वाचता येते त्याला ते शिकविता येईल, असे आपण गृहीत धरले. पोहता येणे वेगळे आणि दुसऱ्याला पोहायला शिकविणे वेगळे, हे मात्र आपल्याला पटते.

कोणी म्हणेल, आमचे आजोबा धुळाक्षरे गिरवून आणि बाराखडी घोकून शिकले, त्यांना कोणता अभ्यासक्रम होता? खरे आहे. पण त्याच बाकावरची जी मुले शिकली नाहीत, ती शाळा सोडून गुरे राखायला गेली. त्यांचे दाखले द्यायला आज कोणी नाही. शिवाय आजोबा दिवसभर मराठीच ऐकत होते. 'कमळ' हा शब्द वाचण्याआधी हजारदा कानावरून गेलेला होता. येथल्या मुलाचे तसे नाही.

१९८६ साली गफ व टनमर या दोघा संशोधकांनी वाचनाचे एक सोपे गणित मांडले. लिपी उलगडण्याची शक्ती गुणिले भाषा समजण्याची शक्ती म्हणजे वाचन. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंतले एक शून्य असेल तर उत्तर शून्य. इंग्रजी शाळेत आपल्या मुलाची भाषेची बाजू भक्कम असते, कच्ची राहिली तर लिपीची. मराठी शाळेत दोन्ही बाजू लंगड्या, आणि आपण सगळा वेळ एकाच बाजूवर, तीही चुकीच्या क्रमाने, खर्च करतो.

क्रमाचा विषय निघाला म्हणून सांगतो. अमेरिकेतल्या वर्गांत हल्ली भिंतीवर ध्वनींचा तक्ता लावण्याची पद्धत आली आहे. ओठांनी उच्चारायचे ध्वनी एकीकडे, दातांजवळचे दुसरीकडे, घशाजवळचे तिसरीकडे. मुले हातात आरसा धरून आपले तोंड पाहतात. हे पाहून आमची छाती जरा फुगली. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य अशी मांडणी आपल्या वर्णमालेने हजारो वर्षांपूर्वी करून ठेवली आहे! पण फुगलेली छाती लगेच खाली बसवायला हवी. ध्वनींचा अभ्यास करायला जो क्रम उत्तम, तो सहा वर्षांच्या मुलाला वाचन शिकवायला उत्तम असतोच असे नाही. 'ङ' पाचव्या दिवशी शिकून मूल काय वाचणार? त्याऐवजी क, म, र, ल आणि काना एवढेच आधी दिले, तर त्याच दिवशी 'काम', 'मला', 'कमरा', 'कमाल' वाचून होते. वाचता आले हा आनंद त्याला पहिल्याच तासाला मिळतो.

हा शोध आमचा नाही. महाराष्ट्रात हे काम एका अमेरिकेत जन्मलेल्या बाईंनी केले, हे येथील मराठी मंडळींना मुद्दाम सांगावेसे वाटते. मॅक्सीन बर्नसन फलटणला गेल्या, फलटणच्या बोलीवर पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पीएच.डी. मिळविली, भारताचे नागरिकत्व घेतले, फलटणला प्रगत शिक्षण संस्था काढली. अक्षरांचे लहान लहान गट करून त्यांतून लगेच शब्द व वाक्ये वाचायला देण्याची मराठी वाचनपद्धती त्यांनी घडविली. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात नीलेश निमकर यांची 'क्वेस्ट' ही संस्था याच प्रश्नावर वर्षानुवर्षे काम करीत आहे. शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाड्याच्या व कर्नाटकातील यादगीरच्या शाळांतल्या मुलांचा तीन वर्षे पाठपुरावा करून २०१७ मध्ये अहवाल काढला. शाळांचा बहुतेक वेळ अक्षरे गिरविण्यात जातो आणि अर्थ, गप्पा, गोष्टी यांना जागाच उरत नाही, असे त्यांना दिसले. तळघरातल्या आपल्या शाळेचे वर्णन याहून फार वेगळे नसावे.

मग येथल्या इंग्रजी वाचनाच्या धड्यांचा मराठी शिकविणाऱ्याला उपयोग काय? निम्मा आहे, आणि तो निम्मा फार मोलाचा आहे. आधी कान तयार करावा, सोप्याकडून अवघडाकडे जावे, शिकविलेल्या अक्षरांनीच बनलेला मजकूर वाचायला द्यावा, अडलेल्या मुलाला अंदाज करायला न लावता अक्षराकडे परत न्यावे, हे दोन्ही भाषांना सारखेच लागू. वॉशिंग्टन परिसरातील 'वेटा' या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राच्या 'रीडिंग रॉकेट्स' उपक्रमाने शिक्षकांसाठी असे सवडीचे धडे फुकट ठेवले आहेत. अटलांटाच्या स्पीच स्कूलचे 'कॉक्स कॅम्पस'ही फुकट आहे. त्यासाठी सरकारी शाळेचा शिक्षक असावे लागत नाही.

उरलेला निम्मा आपल्यालाच करायचा आहे, कारण तो कोणा अमेरिकन अभ्यासक्रमात मिळणार नाही. येथे वाढलेल्या मुलाला 'त' आणि 'ट' यांतला फरक ऐकूच येत नाही. त्याचा इंग्रजी 'टी' दोहोंच्या अधेमधे कुठेतरी पडतो. 'ताट' आणि 'थाट', 'पाट' आणि 'पाठ', 'काल' आणि 'काळ' हे त्याच्या कानाला जुळे भाऊ. जे ऐकू येत नाही ते लिहिताना चुकते, आणि आपण शुद्धलेखनाची चूक म्हणून लाल रेघ मारतो. 'कि' लिहिताना वेलांटी आधी दिसते आणि ऐकू मागून येते. डावीकडून उजवीकडे इमानेइतबारे वाचणारे मूल तेथे ठेचकाळणारच. प्रत्येक अक्षरात 'अ' असतो असे सांगितल्यावर ते 'क-म-ळ' तीनही 'अ' पूर्ण उच्चारून वाचते आणि स्वतःच्या तोंडचा 'कमळ' त्याला ओळखू येत नाही. 'र'ची तर चार सोंगे: 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'सुऱ्या'. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांतला भेद किती मोठ्या माणसांना समजावून सांगता येईल? 'जग' हा शब्द दुनिया म्हणून एका 'ज'ने आणि जगणे म्हणून दुसऱ्या 'ज'ने उच्चारायचा, हे लिपी सांगत नाही, शिक्षकानेच सांगावे लागते. यांतल्या प्रत्येक अडचणीवर अर्ध्या तासाचा एक धडा होऊ शकतो. चित्रफीत, दोन सराव, एक खेळ.

असे वीस-पंचवीस धडे मराठीत तयार व्हावेत असे आम्हाला वाटते. माणसे आहेत. वाचाउपचार करणाऱ्या, सरकारी शाळांत नोकरी करणाऱ्या, भाषाशास्त्र शिकलेल्या मराठी बायका या देशात सर्वत्र आहेत. शाळेच्या खर्चाने त्यांतल्या कित्येक जणींचे वाचनप्रशिक्षण नुकतेच झाले आहे. फलटण आणि वाडा येथील अनुभवी मंडळी संगणकाच्या पडद्यावर रात्री नऊला भेटू शकतात. राहिला पैसा. अधिवेशनासाठी आणलेल्या एका नटाच्या विमानभाड्यात व हॉटेलात पाच धडे सहज निघतील, असा आमचा अंदाज आहे. नटांवर आमचा राग नाही. अधिवेशनात आम्हीही पुढची खुर्ची शोधतो.

मात्र धडे तयार करून ते संकेतस्थळावर टांगून ठेवू नयेत. २००८ चा तो प्रयोग आणि आपल्याच कचेरीतली प्रमाणपत्रे आठवावीत. सवडीचा धडा ज्याने त्याने सवडीने पाहावा, पण त्यानंतर चार माणसांनी एकत्र बसणे आवश्यक आहे. हल्ली पुष्कळ मराठी शाळांत शिक्षक मुलांच्या आधी वीस मिनिटे येतात आणि चहा घेतात. त्या चहाबरोबर महिन्यातून दोनदा एकच विषय घ्यावा. गेल्या वेळचा धडा कोणी वर्गात करून पाहिला, कोणते मूल कुठे अडले, पुढच्या वेळी कोण कोणाच्या वर्गात मागे बसून पाहणार. आणि सप्टेंबरात व मे महिन्यात प्रत्येक मुलाला जवळ बसवून पाच मिनिटे एकट्याने वाचायला लावावे व काय वाचता आले ते वहीत टिपावे. परीक्षा म्हणून नव्हे, आणि गुण देऊन तर मुळीच नव्हे; आईबापांच्या व्हॉट्सॲप गटावर ते जाता कामा नये.

पालकांसाठीही एक काम आहे. सप्टेंबरात इंग्रजी शाळेत पालकांची रात्र असते, तेव्हा आपण मुलाच्या गणिताच्या वरच्या वर्गाविषयी विचारतो. यंदा पहिली-दुसरीच्या आईबापांनी बाईंना एवढेच विचारावे: मूल एखाद्या शब्दाला अडले तर तुम्ही त्याला काय करायला सांगता? 'चित्र बघ' असे उत्तर आले तर शांतपणे पुढचा प्रश्न विचारावा, की या शाळेत वाचनाचे नवे प्रशिक्षण कोणाकोणाचे झाले आहे, आणि ते करायला शाळेने त्यांना वेळ दिला होता का.